मौजे मोहाटोला येथील समुद्र

चौथ्या रकान्यापाशी येऊन बाबुलाल कारकुनाचं पेन तिसऱ्यांदा थांबलं.

“घटनेचं ठिकाण,” त्यानं वाचलं. “गाव, तालुका, जिल्हा. सांगा बाई.”

“समुद्रात झालं ना बापू,” सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या.

“ते मांगच्या दोन्ही खेपेले सांगतलं तुमी. समुद्र कोनत्या तालुक्यात येते, ते सांगा. मी लिहून टाकतो. तुमी बी मोकळ्या, मी बी मोकळा.”

कचेरीतले दोघे-तिघे हसले. सत्यभामाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांना रागावता येतच नाही, असं सगळा मोहाटोला समजून होता. पहाटे तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही, सोमवार चुकायचा नाही, एकादशी चुकायची नाही, आणि आवाज इतका मऊ की अंगणात धान टिपणारी कोंबडीसुद्धा त्यांच्या हाकलण्याला भीक घालत नसे. त्यांनी फक्त पदराची गाठ घट्ट धरली. त्या गाठीत ताराचंदचं पत्र होतं.

ताराचंद हा त्यांचा थोरला. आंबागडच्या डोंगरापासून कोसभर आत मोहाटोला, चाळीस-पन्नास घरं, एक तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. सात पिढ्यांत या घरानं तलावापलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं. पण ताराचंद नाकाडोंगरीकडच्या एका खाणीत पाणी उपसायच्या पंपावर लागला, तिथं डिझेल इंजिनावर त्याचा हात बसला, आणि एका ठेकेदारानं त्याला थेट विशाखापट्टणला नेऊन मासे धरणाऱ्या मोठ्या बोटीच्या इंजिनावर बसवलं. “अवं माय, इंजिन तं इंजिनच,” जाताना तो म्हणाला होता. “खालून चिखल उपसला काय न् समुद्र कापला काय.”

ते ब्याऐंशी साल. त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी, लक्ष्मीची पूजा मांडलेली असतानाच पोस्टमननं पत्र टाकलं. दीड महिना फिरून आलेला पातळ निळा कागद. पलीकडच्या एका देशाच्या नौदलानं त्यांची बोट धरली होती. आमच्या पाण्यात शिरून मासे धरता, असा आरोप होता. चौदा जण एका बेटावरच्या तुरुंगात. “मारझोड नाही, माय,” त्यानं लिहिलं होतं. “ज्याच्या गावाहून सरकारी शिक्क्याचा कागद येईल, का हा मानूस आमचा, आमच्या गावचा, त्याले होळीनंतरच्या जहाजानं सोडणार. बाकीच्याचे कागद बोटीवर होते. ठेकेदारानं माह्ये बनवलेच नोयते. तुमी कागद पाठवा. एवढंच पायजे.”

एवढंच पायजे. सत्यभामाबाईंनी ते पत्र लक्ष्मीपुढं ठेवलं आणि त्या दिवसापासून मीठ सोडलं. पोरगा उंबऱ्यात उभा राहीपर्यंत अळणी खायचं. यादोराव, त्यांचे धनी, गुडघ्यानं अधू होते. ते ओसरीतून म्हणाले, “मीठ सोडून का होते? कचेरीत जाय.”

“दोनीही करतो,” त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला कचेरीत कळलं की रहिवासी दाखला ज्याचा त्यालाच मिळतो. “पोराले घेऊन या,” बाबुलाल म्हणाला. पोरगा तुरुंगात आहे म्हणूनच दाखला हवा, हे त्यांनी सांगितलं. “मंग तुरुंगातून सुटला का घेऊन या,” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. नियमाचा माणूस होता, आणि नियम त्याच्यापेक्षा जुना होता. शेवटी त्यानंच कपाटातून दुसरा छापील अर्ज काढला, बेपत्ता अथवा अडकून पडलेल्या इसमाचा. चौकशी होईल, शिक्का बसेल, काम होईल. फक्त रकाने सगळे भरलेले हवेत.

आणि चौथा रकाना भरेना.

*

गावात कृष्णराव गुरुजी होते. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ताराचंदचं पत्र अंगणात त्यांनीच वाचून दाखवलं होतं. त्यांनी आधी दिल्लीला इंग्रजीतून पत्र घातलं, मग सत्यभामाबाईंना घरी बोलावून भिंतीवरचा जुना नकाशा खाली काढला. समुद्राचा भाग सगळा कोरा निळा, आडवी अक्षरं तेवढी: हिंदी महासागर.

“हे बघा बाई. पूर्वी हे कुणाचंच नव्हतं. किनाऱ्यावरून तोफेचा गोळा जाईल तितकं पाणी राजाचं, पुढचं सगळं मोकळं. मग कुणाला तळाशी तेल दिसलं, कुणाला मासे दिसले. मोठ्या देशांनी लढाऊ जहाजं आणून उभी केली. तेव्हा लहान देश म्हणाले, हा महासागर शांततेचा प्रदेश समजा. एकाहत्तर साली तसा ठराव झाला.”

“मंग जहाजं गेली?”

“जहाजं कुठली जातात! पण कागदावर पाण्याचा प्रदेश झाला. नाव पडलं की धनी येतो. नऊ वर्षं सगळे देश बैठका करत बसले. आत्ता ब्याऐंशीच्या शेवटी ठरलं, किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल ज्याचं त्याचं. आपल्या सरकारनं तर आधीच, शहात्तरला, कायदा केला. आता दिल्लीत म्हणे या पाण्यांची वेगवेगळी टेबलं आहेत.”

“अन् दोघाईचे किनारे जवळजवळ असले तं?”

“तर मधे रेघ. ती कुठून जाते यावर भांडण.”

सत्यभामाबाई नकाशाकडे बघत राहिल्या. “म्हंजे समुद्राच्या बांध्या पाडल्या.”

 तीस वर्षांत गुरुजींना हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

“मंग पार कोनं बांधली?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

धानाच्या बांधीला चारी बाजूंनी मातीची पार असते. पाणी तीच धरते आणि हद्दही तीच सांगते. मोहाटोल्यात बापजाद्यांपासून रीत होती: बांधी माझी म्हणणाऱ्यानं आधी कुदळ घेऊन पार घालावी. पार फुटकी असली आणि दुसऱ्याचं ढोर आत शिरलं, तर ते कोंडवाड्यात घालायचं नाही. दोष ढोराचा नाही, धन्याचा.

“पाण्यात पार नसते बाई,” गुरुजी म्हणाले. “आकडे असतात. नकाशावर.”

“मंग इंजिनापाशी बसलेल्या पोराले ते आकडे कसे दिसाव?”

गुरुजींनी नकाशा गुंडाळायला घेतला.

दिल्लीचं उत्तर माघात आलं. गुरुजींनी वाचून सांगितलं: बोट पकडली गेली ते ठिकाण ज्या प्रदेशात मोडते तो आमच्या शाखेकडे नाही, अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग केला आहे. आठ दिवसांनी संबंधित शाखेचं आलं: बेट आमच्याकडे आहे, परंतु बेटाभोवतीच्या पाण्याची हद्द दोन देशांत वादात असल्यानं प्रकरण सागरी कायद्याच्या शाखेकडे वर्ग. तिसरं आलं ते सगळ्यात लहान होतं: अर्जदाराने जिल्ह्यामार्फत यावे.

“जिल्ह्यामार्फत,” यादोराव कडवट हसले. “जिल्हा म्हणते समुद्र नाही. समुद्रवाले म्हणतात जिल्हा नाही. पोट्टा काय आभाळात बसला आहे?”

“हळू बोला,” सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी आपलं अळणी पान तसंच बाजूला सारलं.

*

म्हणून ही तिसरी खेप. होळीला महिनाही उरला नव्हता. बाबुलालनं पेन कानावर ठेवलं.

“रिकामा सोडला तं नाई चालत?” त्यांनी विचारलं.

“रिकामा रकाना दिसला का साहेब अर्जच परत फेकते. देखो बाई, मले तुमची दया येते. पन गाव पायजे. काहीही झालं तं कुठंतरी होतेच ना? हवेत तं नाई होत.”

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले. खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं सगळ्या व्रतांच्या आधीचं व्रत. मग खरं काय? कुठं झालं हे? ती बोट, ते बेट, ती रेघ, यातलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं ते अंगण. लक्ष्मीची मांडणी, निळा कागद आणि गुरुजींच्या तोंडून ऐकलेला “तुरुंग” हा शब्द. त्यांच्यावर आभाळ कोसळलं ते तिथं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “मौजे मोहाटोला.”

बाबुलालनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या बंद दाराकडे. मग भराभर लिहून मोकळा झाला.

*

चौकशीला पटवारी आला तो फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात, सायकलवरून, पिशवीत कागद आणि कपाळावर आठ्या घेऊन. भैय्यालाल त्याचं नाव. चावडीपुढं पाच पंच बसवले, आणि सत्यभामाबाईंना विचारलं, “कुठं धरली बोट?”

“समुद्रात.”

“इथं तं मोहाटोला लिवलं आहे.”

“मले कळलं ते इथं ना बापू.”

भैय्यालालनं कपाळाला हात लावला. “बाई, मले जागा पाह्याची आहे. पंचनामा जागेचा असते. गावात पानी कोनतं?”

“तलाव,” पंचांतला नत्थू म्हणाला. तो तलावात जाळं टाकायचा, त्याचा लाकडी डोंगा काठाला बांधलेला असे.

“चला तलावावर.”

आणि सगळे खरोखरच तलावाच्या पाळीवर गेले. मागं पोरंटोरं, बाया, दोन कुत्री. भैय्यालाल पाळीवर उभा राहून पाण्याकडे बघू लागला. तिकडे बगळे उभे होते.

“नत्थू, परक्या मुलकाची लढाऊ बोट या तलावात कधी आली?”

“बेबीबाईची म्हैस आली होती गा,” नत्थू म्हणाला. “तिनं माह्यं जाळं फाडलं. ते लिहा ना!”

“चुप रे. दुसरी कोनाची बोट इथं जप्त झाली?”

“माह्या डोंग्याबिगर इथं बोटच नाई. तो घेऊन जा म्हना, मी सुटलो.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भैय्यालालही हसला, आणि हसत हसत त्यानं लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण पंचांना वाचून दाखवायचा नियम असतो.

“सदर ताराचंद वल्द यादोराव, वय वर्षे चोवीस, हा जन्मापासून मौजे मोहाटोला येथील राहणारा असून पंच त्यास लहानपणापासून ओळखतात. सदर इसम परदेशात अटकेत असल्याचे त्याच्या आईचे सांगणे आहे. पंचांसमक्ष जागेची पाहणी केली. मौजे मोहाटोला येथे समुद्र नाही. तलाव आहे. तलावात परकीय नौदल आढळून आले नाही. सबब घटना या गावी घडलेली नाही. अर्ज निकाली काढण्यास हरकत नसावी.”

“निकाली म्हंजे?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“म्हंजे बंद, बाई.”

तेव्हा जे झालं ते मोहाटोल्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. सत्यभामाबाईंचा आवाज चढला. थेट तलावापलीकडं गेला, बगळे उडाले.

“बंद काहून? कोन म्हंते का इथं समुद्र आहे? मी कधी म्हतलं? तीन खेपा मी समुद्र समुद्र करून रायली, तं तुमच्या कागदात समुद्राले जागा नाई! दिल्लीत तीन टेबलं आहेत समुद्राची, अन् एकाही टेबलावर माह्या पोराले जागा नाई! तुमाले गाव पायजे होतं, मी गाव देल्लं. आता म्हनता गावात समुद्र नाई. मी कुठून आनू बापू, घागरीनं भरून आनू?”

कुणी हसलं नाही. नत्थूनं मान खाली घातली. भैय्यालाल कागदांची पिशवी उगाच उघडू-मिटू लागला.

“मी काय करू बाई,” तो पुटपुटला. “पाहिलं तेच लिवलं मी.”

“हाव,” त्या दमून म्हणाल्या. “तुमी पाहिलं तेच लिवलं.”

आणि मग साऱ्यांच्या देखत पाळीवर बसून रडल्या.

*

निकालाची, पंचनाम्यासकट, शिक्क्याची नक्कल होळीच्या आठ दिवस आधी हातात पडली. सत्यभामाबाईंनी ती गुरुजींपुढं टाकली. गुरुजी तावातावानं म्हणाले, आपण वर अपील करू, मी स्वतः भंडाऱ्याला येतो.

“अपील किती दिवस चालते?”

गुरुजी बोटांवर महिने मोजू लागले.

“एकडाव वाचा ना,” त्या म्हणाल्या. “सगळं. सावकाश.”

गुरुजींनी वाचलं. पहिलं वाक्य संपताच सत्यभामाबाईंनी हात वर केला.

“थांबा. ते फिरून वाचा.”

“जन्मापासून मौजे मोहाटोला येथील राहणारा असून पंच त्यास लहानपणापासून ओळखतात.”

“अन् खाली शिक्का कोनाचा?”

“सरकारचा.” गुरुजींनी चष्मा काढला. “बाई...”

“ताराचंदनं हेच मांगतलं होतं ना? एवढंच पायजे म्हने. मंग हे आहे ना.”

“पण पुढं सगळं उलटं आहे. समुद्र नाही, नौदल नाही, घटना घडलेली नाही. इंग्रजी करताना पहिलं वाक्य तेवढं उतरवतो, बाकीचं—”

“नाई गुरुजी. चोरून नोका लिहू. सगळं लिहा.”

“ते लोक वाचतील तर अर्जच खोटा म्हणतील!”

“खोटं काय आहे त्याच्यात? मोहाटोल्यात समुद्र नाई, हे खरंच आहे.”

गुरुजींनी मग सगळं इंग्रजी केलं, तलावासकट. त्यांच्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांनी खाली सही ठोकली, आणि पाकीट रजिस्टरनं त्या बेटावरच्या तुरुंगाच्या पत्त्यावर गेलं.

होळी झाली. जहाज आलं असेल आणि गेलंही असेल, असं म्हणत चैत्र गेला. त्याच बोटीवरच्या एका तेलुगू खलाशाचं कार्ड आलं, बाकीचे तेरा घरी पोचले, ताराचंद मागं राहिला. त्या कार्डानंतर यादोरावांनी ओसरीतून बोलणंच टाकलं. वैशाखात गुरुजींनी दिल्लीला चौथं पत्र घातलं, त्याला उत्तर आलं नाही. सत्यभामाबाई रोज तुळशीपुढं उभ्या राहत, पण आता त्यांच्या ओठांवर स्तोत्र अर्ध्यातच थांबे. देवावरचा विश्वास ढळला नव्हता. मात्र देवालाही चौथा रकाना भरून द्यावा लागत असेल की काय, असा एक वेडा विचार मधेच येई, आणि मग त्या स्वतःलाच तोंडात मारून घेत.

*

ज्येष्ठात, भर दुपारी, ताराचंद अंगणात उभा राहिला. हाडं मोजून घ्यावी असा, मानेवर खरजेचे डाग. यादोराव अधू गुडघ्यानं उठले आणि तसेच उभे राहिले. सत्यभामाबाईंनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले आणि मगच त्याला घरात घेतलं.

गुरुजी धावत आले. “सोडलं कसं? जहाज तर केव्हाच गेलं होतं!”

“कागद उशिरा पोचला गुरुजी. पन तुरुंगाच्या मोठ्या साहेबानं तो मले समोर बसवून वाचला. वाचता वाचता हसाले लागला. हसता हसता डोयात पानी आलं त्याच्या. मले म्हने, तुह्या सरकारनं तलावात आमचं नौदल शोधलं? मंग म्हने, ज्या गावात समुद्रच नाई तिथल्या मानसाले समुद्रातली रेघ काय कळाव! अन् दुसऱ्या महिन्यातल्या मालाच्या जहाजावर बसवून देल्लं.”

गुरुजी हसू लागले. यादोरावही कित्येक महिन्यांनी हसले. “म्हंजे भैय्यालालच्या पंचनाम्यानं सोडवला!”

सत्यभामाबाई हसल्या नाहीत.

“आठ महिने,” त्या म्हणाल्या. “आठ महिने पोराचं हाड न् हाड झालं, अन् हसून सोडलं? मंग हसाचंच होतं तं पहिल्या दिवशी काहून नाई हसले?”



“ताराचंद, एक सांग. ती रेघ तुले दिसली होती?”

“नाई वं माय. काहीच नोयतं. इकडेही पानी, तिकडेही पानी. एकाच रंगाचं.”

“खुंटी? झेंडी? काहीही?”

“काहीच नाई.”

त्यांनी देवाला नैवेद्य दाखवला, ताराचंदला वाढलं, आणि त्याचा पहिला घास गेल्यावर स्वतःच्या पानावर चिमूटभर मीठ घेतलं. जिभेला ते लागलं, पण जीव गोड झाला नाही. हात धुऊन त्या गुरुजींपुढं बसल्या.

“एक पत्र लिहा गुरुजी.”

“त्या तुरुंगाच्या साहेबाला? आभाराचं? लिहायलाच हवं.”

“ते लिहा. देवमानूस आहे. पन एक दुसरंही लिहा. लिहा का, आमच्या गावात पार घातल्याबिगर कोनी बांधी माही म्हनत नाई. पार नसली अन् ढोर शिरलं तं दोष धन्याचा असते. तुमी नऊ वर्सं बसून समुद्राच्या बांध्या पाडल्या, तं पारही बांधाची होती. नसल बांधता येत, तं लेकरं कोंडवाड्यात घालू नोका. खाली माहं नाव लिहा. सत्यभामा यादोराव, मौजे मोहाटोला.”

गुरुजींनी शब्द न शब्द लिहिला. घडी घातली, पाकिटात सारली, डिंक लावला. मग पाकीट उलटं केलं आणि पेन हातात धरून बसून राहिले.

“कोणाला पाठवू बाई?”

“ज्याईनं रेघा ओढल्या त्याईले.”

“त्यांचा पत्ता मला नाही ठाऊक.”

“दिल्लीच्या त्या तीन टेबलाईतून कोनाले तरी असल.”

“ते आपल्याला जिल्ह्यामार्फत या म्हणतील.”

सत्यभामाबाईंनी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं. देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या तसबिरीमागं, ताराचंदच्या निळ्या पत्राशेजारी ते उभं करून ठेवलं. ताराचंद जेवून बांधी पाहायला निघाला होता; कोपऱ्यातली कुदळ उचलून त्याही त्याच्या मागोमाग निघाल्या. शेजारच्या म्हशीनं मागच्या पावसात वरची पार फोडली होती, आणि ती अजून तशीच होती.

पाकीट आजही तिथंच आहे. चिकटवलेलं, आणि समोरची बाजू कोरी.